सहा खुणांची बाटली

"बाटली माझ्या वट्यात हाय, वकीलसाब. पर ती तुमच्या हातात दिली म्हंजी म्होरं काय काय व्हतंय त्ये आदी सांगा. मग दिऊ."

"आगं आये, दे की!" झुंबर कळवळून म्हणाला. "वकीलसाब बाटली घिऊन पळून जात्यात व्हय?"

"तू गप. इचारणारीला इचारू दे."

बारामतीच्या पेठेत वकिलांची बैठक होती. सरुबाई सतरंजी सोडून, तिच्या कडेला भुईवर बसली होती. लुगड्याच्या ओट्यात बाटली, आणि बाटलीवर तिचा उजवा हात. शेजारी तिचा लेक झुंबर, आणि दाराशी भिमा. भिमा कन्हेरीचाच, त्यांच्या भावकीतला. एका बांधाच्या वादापायी सात वर्षं तो कोर्टाच्या पायऱ्या चढला होता. वाद हरला, पण पायऱ्या अंगवळणी पडल्या. गावात कुणाचं काही बिनसलं की तो आपणहून उभा राहायचा आणि म्हणायचा, "चला, माझं वकील हायती."

वकिलांनी चष्मा पुसला. "बाई विचारतात ते बरोबर आहे. ऐका. पहिली वाट सोपी. मी डॉक्टरला नोटीस देतो. तुमच्या दवाखान्यातल्या औषधाची मात्रा चुकली, त्यानं पोर मरता मरता वाचली, तर चूक लेखी कबूल करा आणि भरपाई द्या. कबूल झाला, तर चार माणसांत बसून मिटेल. औषध कंपौंडरनं दिलं असलं तरी जाब डॉक्टरला. नोकराच्या चुकीला मालक बांधलेला असतो."

"आन् न्हाय कबूल झाला तर?" भिमा म्हणाला. उत्तर त्याला ठाऊक होतं, पण ते पुन्हा ऐकायला त्याला गोड लागत असावं.

"तर दिवाणी दावा. तो पोरीचा दावा. ती अज्ञान, म्हणून तिच्या वतीनं बाप उभा राहील. त्यात घाई नाही. पोर सज्ञान होईतो मुदत कुठं जात नाही."

"फौजदारी सांगा, फौजदारी."

"सांगतो, भिमराव. फौजदारी म्हणजे मॅजिस्ट्रेटपुढं फिर्याद. निष्काळजीपणानं जिवाला धोका पोचवला अशी. तिथं शिक्षा असते. दंड, नाहीतर कैद. आणि ती डॉक्टरला नाही हो, ज्याच्या हातून झालं त्याला."

"म्हंजी अल्लाबक्षला," झुंबर म्हणाला.

"कंपौंडरला. व्हय." वकिलांच्या तोंडून व्हय निघून गेलं तसे ते जरा हसले. "पण तिन्ही वाटा जातात त्या बाटलीवरनं. डॉक्टरच्या चिठ्ठीत बारा डोस लिहिलेत. बाटलीवरच्या पट्टीला तुम्ही म्हणता खुणा सहाच. म्हणजे दर खेपेला पोरीच्या पोटात दुप्पट गेलं. पट्टी कंपौंडरनं लावली. संपलं. दाखवा."

सरुबाईचा हात बाटलीवरनं हलला नाही.

बाटलीवर खुणा सहाच होत्या, हे खरं. पण ती पट्टी अल्लाबक्षची नव्हती. ती सरुबाईनं कापली होती, स्वतःच्या घरात, स्वतःच्या विळीवर. आणि हे तिच्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, असं ती समजून होती.

सरुबाई पिंपळीची लेक, कन्हेरीची सून. लग्नात तिला बाशिंगाचं ओझं होत होतं, एवढ्या लहान वयाची आली. नीरेच्या पाटाला पाणी होतं, त्यावर वांगी, मेथी, घेवडा करायचा आणि दर बिस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, डोक्यावर पाटी घेऊन बारामतीचा बाजार गाठायचा, यात तिची चाळीस वर्षं गेली. नवरा सावळाराम खोकत खोकत गेला, त्यालाही दोन वर्षं झाली. बाईला अक्षर येत नव्हतं, पण विसाविसांनी मोजून ती अख्खी पाटी हिशेबात उलटी करून दाखवी. तिची एक खोड मात्र पक्की होती. तिला दुसऱ्यांदा विचारायला जमायचं नाही. एकदा सांगितलं ते कळलं म्हणायचं आणि चालू लागायचं. रस्ता चुकली तर कोसभर आडवी जाईल, पण कुणाला "ही वाट कुठं जाती?" म्हणून विचारणार नाही. लोकांना तिच्या या खोडीचं कौतुक वाटायचं, तिलाही वाटायचं.

सन छत्तीसच्या थंडीत झुंबरच्या धाकट्या पोरीला हगवण लागली. पोर दोन वर्षांची. नाव नकोशी. ती लागोपाठची तिसरी मुलगी. जन्मली तेव्हा सुईण बाहेर येऊन गप उभी राहिली, आणि सरुबाईच म्हणाली, "हिला नकोशीच म्हना. म्हंजी म्होरं तरी पोरगा हुईल." तसा रिवाजच होता, कन्हेरीत चार नकोश्या होत्या, त्यातली एक तर सासू झाली होती. नाव असं ठेवलं तरी पोर वाढली आजीच्या कडेवर. सून सारजा रानात, झुंबर मोटेवर, आणि नकोशी आजीच्या लुगड्याचा सोगा चघळत मेथीच्या वाफ्यात.

त्या बिस्तरवारी डोक्यावर पाटी आणि कडेवर पोर घेऊन सरुबाई बाजाराला गेली. भाजी विकली आणि दवाखान्यात गेली. त्या काळी औषधाला बाटली घरनं न्यावी लागे. सरुबाईनं सावळारामच्या खोकल्याच्या दोन बाटल्यांतली एक धुऊन नेली होती. डॉक्टरनं पोरीचं पोट दाबलं, चिठ्ठी लिहिली. खिडकीतनं अल्लाबक्षनं औषध भरलं. हगवण धरून ठेवायला त्यात जरासं अफूचं पाणी असायचं. मग त्यानं कागदाची पट्टी दुमडून कातरीनं कापली, उलगडली, डिंकानं बाटलीला लावली. पट्टीच्या कडेला एकाखाली एक खाचा. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत औषध उतरलं की एक वेळचं झालं. वाचता येत नाही त्यानंही चुकू नये अशी ती रीत.

"मावशी, एका खुणेपत्तुर एक येळंला. दिसातनं तीनदा," अल्लाबक्ष म्हणाला. "आन् बाटली कोरडी ठिवा. पट्टी सुटती."

"बरं."

"कोरडी ठिवा बरं का!"

"आरं तुज्या वयाची लेकरं पोसली म्या," सरुबाई म्हणाली. "मला नगं शिकवू कोरडं आन् वलं." रांगेतल्या बाया हसल्या. तिला बरं वाटलं.

वाटेत बाटली फुटू नये म्हणून तिनं ती भाजीच्या ओल्या पोत्यात गुंडाळून पाटीत ठेवली. कन्हेरीत येऊन पोतं उलगडलं तर पट्टीचा लगदा पोत्याला चिकटलेला, आणि बाटली नागडी.

आता खरं तर परत जायचं, नाहीतर सकाळी झुंबरला धाडायचं. पण सकाळी पाण्याची पाळी होती, झुंबर दाऱ्यावर. आणि परत जाऊन अल्लाबक्षला काय सांगायचं? रांगेत सगळ्यांसमोर तोंड वाजवून आलेली बाई ती. ओलीच ठेवली म्हणून सांगायचं?

फळीवर सावळारामची दुसरी बाटली होती. तीवर अजून पट्टी होती, दवाखान्याचीच, सहा खाचांची. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तर सारख्या. बाटली तेवढीच, मग खुणाही तेवढ्याच, असं सरुबाईनं मनाशी धरलं. बाटलीला जसं बूच तशी पट्टी, असंच तिला वाटलं. पट्टी ही बाटलीची नसते, आत जे घातलं त्याची असते, आणि ज्याच्या पोटात जायचं त्याची असते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं. साखरेच्या पुडीचा कागद घेतला, विळीवर सहा खाचा पाडल्या, ज्वारीच्या पिठाची खळ करून चिकटवली.

एक गोष्ट मात्र तिला तेव्हाही आठवत होती. अल्लाबक्षच्या पट्टीच्या खुणा बारीक होत्या, दाट होत्या. ते आठवलं तशी तिनं मान झटकली. एवढ्याशा घोटानं काय होणार होतं, म्हणाली.

मग सारजानं औषध पाजलं. खुणेखुणेनं, एक थेंब इकडं नाही की तिकडं नाही.

शनवारी सकाळी पोर उठेना. डोळे अर्धे मिटलेले, श्वास कधी येतो कधी येत नाही. बैलगाडी जुंपून बारामतीला नेली. डॉक्टरनं बुबुळं बघितली आणि अल्लाबक्षला हाक मारली. दिवसभर त्या पोरीला झोपू द्यायचं नव्हतं. अल्लाबक्ष तिला खांद्यावर टाकून पडवीत फिरत राहिला, तळपाय चोळत, चिमटे काढत, काळी कॉफी चमच्या-चमच्यानं पाजत. त्याचा सदरा ओकारीनं भरला होता. सरुबाई खांबाला टेकून ते बघत होती. त्या घडीला सांगायचं. त्या घडीला सांगितलं असतं तर लोकांनी घाबरलेली बाई म्हणून सोडून दिलं असतं. ती घडी गेली.

पोर वाचली. पण पहिल्यासारखी राहिली नाही. चालायची, खायची, पण बडबडायची ती बडबड बंद झाली. "आजे, आजे" म्हणून घर डोक्यावर घ्यायची, आता आजी समोर आली तरी नुसती बघत राहायची. डॉक्टर म्हणाले, दिवस जाऊ द्या, कळेल. डॉक्टरांनी चिठ्ठी काढली, बारा डोस. झुंबरनं घरची बाटली आठवून सांगितलं, खुणा सहा. डॉक्टर अल्लाबक्षकडं बघत राहिले. "मी बाराच कापल्या," तो म्हणाला. "याचा निकाल लागेपर्यंत येऊ नको," डॉक्टर म्हणाले. आणि कन्हेरीत भिमानं पागोटं बांधलं.

"दे गं आये," झुंबर पुन्हा म्हणाला.

सरुबाईनं बाटली दिली. वकिलांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. पट्टीच्या कडेनं एक मुंगी चालली होती. सरुबाईला ती इथनं दिसली.

"मधे हिला कुणी हात लावला?"

"सून पाजायची," सरुबाई म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

वकील माणूस सरळ होता. म्हणाले, नोटीस देण्याआधी कंपौंडरचं म्हणणं ऐकू. त्याचं घर मागच्याच गल्लीत होतं, माणूस धाडला. अल्लाबक्ष आला तो डोक्याला टोपीही न घालता आला. आठ दिवसांत त्याचं तोंड उतरलं होतं. त्यानं बाटली हातात घेतली, पट्टीवरनं अंगठा फिरवला, नखानं कड खरवडली आणि ते नख तोंडात घातलं.

"ही पट्टी माझी न्हाय."

"झालं!" भिमा म्हणाला. "मी म्हनलंच हुतं, ह्यो असंच म्हननार."

"डिंक न्हाय ह्यो. खळ हाय, पिठाची. आन् ह्या खाचा बघा, एक खोल, एक उथळ. मी कागद दुमडून कातरीनं कापतो, वकीलसाब. धा वर्सं कापतोय. ह्ये इळीचं काम हाय."

"आता पट्टीच्या खाचंवरनं जात वळखाया लागला," भिमा हसला. "कोर्टात सांग ह्ये, जज्जसाब बी हसत्याल."

अल्लाबक्ष त्याच्याकडं वळलाच नाही. तो सरुबाईसमोर उकिडवा बसला. "मावशी, तुमी सांगा. बाटली कोरडी ठिवा म्हनलं का न्हाय म्या? दोनदा म्हनलं. तुमी मला रांगेत बोलला. आठवतंय का?"

सतरंजीचा एक दोरा सुटला होता. सरुबाईनं तो बोटाला गुंडाळला.

"न्हाय आठवत," ती म्हणाली.

 अल्लाबक्ष उठला आणि गेला. भिमा म्हणाला, बघा, आता बोलती बंद. वकिलांनी बाटली रुमालात बांधली आणि सांगितलं, पुढच्या बिस्तरवारी या. कागद तयार ठेवतो. बाईंचा अंगठा लागेल, बाटली दवाखान्यानं जशी दिली तशीच आणली म्हणून.

ते आठ दिवस सरुबाईला कन्हेरीत सगळी माणसं बरी वागली. तेच तिला सोसेना. पाटावर धुणं धुताना शेजारची द्वारकाबाई म्हणाली, "बरं झालं बाई, त्या कंपौंडरचं पितळ उघडं पडलं. न्हायतर लोकांच्या जिभंला काय हाड हाय? म्हनली असती, तिसरी पोर, त्यात नाव नकोशी, आजीनंच..."

"काय आजीनंच?"

"काय न्हाय गं. लोकं म्हनली असती. मी का म्हंती?"

सरुबाईनं लुगडं धोंड्यावर आपटलं ते फाटेपर्यंत आपटलं. सांगितलं तर हेच ऐकायचं होतं. पट्टी ओली झाली, विचारायची लाज वाटली, म्हणून पोर मरायला टेकली. एवढी साधी गोष्ट कुणाला खरी वाटणार? लोकांना त्यापेक्षा मोठी गोष्ट लागते. आणि ती त्यांना नावातच तयार मिळणार होती. नावही तिनंच ठेवलेलं.

बुधवारी दुपारी सासू-सुना बाजारासाठी मेथी उपटत होत्या. नकोशी बांधावर बसून मातीची ढेकळं एकावर एक ठेवत होती, पडली की पुन्हा ठेवत होती. सारजा जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्याबाय, उंद्या अंगठा लावनार?"

"लावाया नगं?"

"मला ठावं हाय."

सरुबाईच्या हातातली मेथी हातात राहिली.

"बिस्तरवारी रानातनं आले तवा इळीच्या पात्याला खळ वाळल्याली हुती. मी म्हनलं, आत्याबायनी काय चिकटीवलं? मग बाटली बघितली. मला वाटलं, असंल तिकडनंच असं." तिनं जुडीला पेंढीची काडी आवळली. "मी न्हाय बोलले. सुनंनं काय बोलायचं? आन् मग मीच पाजलं की. माझ्या हातानं पाजलं."

"सारजे..."

"मला येकच सांगा. मुद्दाम केलं का?"

 लोकांच्या तोंडून यायचं म्हणून आठ दिवस सरुबाई ज्याला भ्याली, ते तिच्याच घरातनं, तिच्याच सुनेच्या तोंडून, हळू आवाजात आलं होतं. आणि सारजाच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला खरंच ठाऊक नव्हतं. पंधरा दिवस ती हे मनात घेऊन सासूच्या हातची भाकरी खात होती.

"न्हाय गं बाई. पट्टी वली झाली. मागारी जाऊन इचारायची लाज वाटली."

"लाज."

"व्हय."

सारजानं मेथीच्या मुळांची माती झटकली. मग जुडी टोपलीत टाकली. "त्या कंपौंडरलाबी घरी लेकरं असतील," ती म्हणाली आणि पुढच्या वाफ्याकडं सरकली.

बिस्तरवारी वकिलांनी कागद वाचून दाखवला. त्यात सरुबाई ही सरुबाई नव्हती; त्यात ती फिर्यादीची आई, वय अंदाजे बावन्न, धंदा शेती, अशी कोणी बाई होती. कारकुनानं शाईची गादी पुढं सरकवली. सरुबाईनं अंगठा पदराला पुसला, पुन्हा पुसला.

"ह्ये खोटं हाय, वकीलसाब," ती म्हणाली. "पट्टी मी कापली."

आधी कुणाला कळलंच नाही. मग तिनं सगळं सांगितलं, पोत्यापासनं विळीपर्यंत. थांबत थांबत नाही, एका दमात, जशी बाजारात भाजीची नावं घ्यावी तशी. सांगून झाल्यावर खाली बघत राहिली.

झुंबर उठला. आईकडं बघितलं नाही. चपला हातात घेतल्या आणि रस्त्याला लागला.

"मग आता..." भिमा चाचरला. "आता फौजदारी न्हाय?"

"आता कसली फौजदारी!" वकिलांनी कागद मधोमध फाडला. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. "बाई, अंगठा लावून हे शपथेवर गेलं असतं तर तुम्हीच आत गेला असता. तुमच्या वाटा संपल्या. आता वाटा त्याच्या आहेत. त्याची रोजी बुडाली, नाव खराब झालं. तुमच्यावर अब्रुनुकसानी लावायची म्हणाला तर लावू शकतो. मीच त्याला तसं सांगेन."

"सांगा."

"भीती नाही वाटत?"

"त्याची न्हाय वाटत."

तिच्या सांगण्यावरून वकिलांनी चार ओळी लिहिल्या. या वेळी अंगठा लावताना तिनं हात पुसला नाही. रुमालातली बाटलीही त्यांनी परत दिली. ती आता कशाचाच पुरावा नव्हती.

पेठेपासून दवाखाना हाकेवर. बाजारचा दिवस, रांग ओट्याखाली उतरलेली. खिडकीत डॉक्टर स्वतःच औषधं भरत होते आणि सांडत होते. सरुबाईनं पाटी भिंतीशी उतरवली, तीत मेथी, वांगी तशीच होती, आणि कागद पुढं केला. डॉक्टरनी वाचला. पुन्हा वाचला.

"पोराला पाठवतो अल्लाबक्षकडं," ते म्हणाले. "तुम्ही जा आता."

"तो येऊ द्या. म्या हितंच त्याला बोलली हुती."

अल्लाबक्ष आला. सरुबाई रांगेतल्या बायकांकडं तोंड करून उभी राहिली. आवाज काढायचा तर तिला सवय होती, चाळीस वर्षं भाजी विकली होती. पण आज तो निघेना; निघाला तो कुणा दुसऱ्याच बाईचा निघाला.

"कंपौंडरनं बाराच खुना केल्या हुत्या. मला कोरडी ठिव म्हनला. मी वली केली. मग माझ्या मनानं सहा कापल्या. माझ्या नातीचं जे झालं त्ये माझ्या हातनं झालं."

रांगेत कुणीतरी "आगं बाई!" म्हणालं. कुणीतरी विचारलं, कुठली गं ही? कन्हेरीची. पोरीचं नाव काय? आणि नाव कळल्यावर जी कुजबूज सुरू झाली ती सरुबाईला पाठीवर गांधील माशीसारखी लागली. तिनं ऐकून घेतली.

अल्लाबक्ष खिडकीआड गेला. टोपी घातली, हात धुतले.

"मावशी," तो म्हणाला, "वकीलसाबनी निरोप धाडलाय. माझ्या वाटा मला कळल्यात. दावा लावायचा का न्हाय त्ये मी ठरवीन. आज न्हाय सांगत."

"बरं."

"माझी बिस्मिल्ला पंधरा दीस पान्याला नळावर गेली न्हाय. बाया इचारायच्या, तुज्या बापानं पोर मारलं का."

 सरुबाई खिडकीच्या लाकडाकडं बघत राहिली.

"बाटली आना हिकडं," अल्लाबक्ष म्हणाला. "पोरीला ताकदीचं औषध लिवलंय डॉक्टरनी."

त्यानं बाटली पाण्यात बुडवली, सहा खुणांची पट्टी बोटानं सोडवली, खळ नखानं खरवडून काढली. बाटली आतनं बाहेरनं धुतली, कोरडी केली, औषध भरलं. कागद दुमडला, कातरीनं कापला, उलगडला, डिंक लावला. वर दोन वेढे दोऱ्याचे दिले. मग बाटली खिडकीच्या फळीवर ठेवली, पण सोडली नाही.

"खुना मोजा."

"आँ?"

"मोजा. मोठ्यानं."

सरुबाईनं बोट लावलं.  एक, दोन, तीन. सहावर तिचं बोट अडलं. मग तशीच पुढं मोजत गेली, बारापर्यंत.

"ही पट्टी कशाची हाय?"

"ह्या औषदाची."

"बाटलीची न्हाय?"

"न्हाय."

"कुठं ठिवनार?"

"हातात."

"कळलं न्हाय तर?"

"इचारंन," ती म्हणाली. "दोनदा इचारंन."

अल्लाबक्षनं बाटली सोडली. "सरका," तो म्हणाला. "फुडची बाई या."

बाजार निम्मा उठला होता. कन्हेरीकडं गेलेला झुंबर काही परत आला नव्हता, आणि तो घरात किती दिवस बोलणार नाही, हे कुणी सांगावं. सरुबाईची नेहमीची जागा एका लिंबूवालीनं धरली होती. एरवी तिनं तिची बुडासकट उठवणी केली असती. आज जरा कडेला पोतं टाकलं. भाजीवर पाणी मारायचं ते एका हातानं मारलं. दुसऱ्या हातात बाटली होती. वांग्यांचा ढीग केला, वर लहान, खाली मोठी लावायची सवय होती, ती आजही हातानं आपोआप केली.

एक गिऱ्हाईक बाई समोर थांबली. सरुबाईच्या तोंडाकडं बघितलं, मग बाटलीकडं. दवाखान्याच्या रांगेतलीच ती.

"वांगी ताजी हायती का गं?"

"सकाळी तोडल्याती," सरुबाई म्हणाली. "किती दिऊ?"

बाई वाकून वांगी निवडू लागली. सरुबाईनं बाटली मांडीवर उभी धरली, आणि मोकळ्या हातानं तागडी उचलली.